आठ वर्षांच्या मुलाला दम्याचा पंप सुरू केलाय. त्याची सवय लागते का? कधी बंद करता येईल?

सवय लागत नाही. हे वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा बोलले आहे की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

माझी मुलगी सात वर्षांची असताना तिला ब्युडेसोनाइडचा रोजचा पंप होता. सकाळी १०० मायक्रोग्रॅम, रात्री १००, स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी लावून. चार महिने खोकला नाही, रात्रीचं उठून बसणं नाही. पोरगी बरी दिसायला लागली तसं थोरल्या भाऊजींचं सुरू झालं, "एवढ्याशा जिवाला स्टेरॉइड? एकदा पंप लागला की जन्माचा लागतो." मृगाला ते तिला हैदराबादला घेऊन गेले. नामपल्लीच्या मैदानात रांग लावून, दम्यावरचा उपाय म्हणून तोंडात पिवळं औषध भरलेला बोटाएवढा जिवंत मासा तिला गिळायला लावला. परत आल्यावर पंप कपाटावर गेला. ह्यांनी काही म्हटलं नाही आणि मीही गप्प बसले, ते मला आजही टोचतं. पावसाळा बरा गेला. भाऊजी येईल-जाईल त्याला माशाचं सांगायचे.

जानेवारीत आम्ही इस्लामपूरजवळ गावी होतो. ऊसतोड होऊन गेलेल्या शेजारच्या रानात संध्याकाळी कुणीतरी पाचट पेटवलं. जळकी पाती उडत अंगणात यायला लागली. तासाभरात पोरगी कॉटवर दोन्ही हात टेकून बसली, खांदे वर, आणि गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. "आई पाणी" एवढंही एका दमात बोलता येईना. अशा वेळी लगेच श्वास मोकळा करणारा सालब्युटामॉलचा पंप सांगलीत घरी, कपाटावरच. जीप दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्या खळीकडेच बघत होते. तिथे नेब्युलायझर लावला, पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर तिनं पाणी मागितलं.

सोडताना प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी लिहून दिली, रोज २० मिलिग्रॅम, ५ दिवस. म्हणजे १०० मिलिग्रॅम स्टेरॉइड पोटातून. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. तिच्या रोजच्या २०० च्या हिशोबानं ५०० दिवसांचं स्टेरॉइड पाच दिवसांत पोटात गेलं. हा हिशोब मी वहीत मांडून भाऊजींपुढे ठेवला.

त्रास नसतो तेव्हाही श्वासनलिका आतून सुजलेली असते. रोजचा पंप ती सूज उतरवतो. सालब्युटामॉल आवळलेली नळी काही तास मोकळी करतं, सूज तशीच राहते. त्यामुळे नुसत्या सालब्युटामॉलवर वर्षं काढणारे लोक आगीशी खेळतायत, मग ते स्वतःला कितीही ठणठणीत समजोत.

गोळीतलं आणि पंपातलं स्टेरॉइड वेगवेगळं, त्यामुळे माझी ती बरोबरी डॉक्टर तंतोतंत मानणार नाहीत. पंपाचा काहीच त्रास नाही असंही नाही. घेतल्यावर चूळ भरली नाही तर जिभेवर पांढरा थर धरतो, आणि उंचीत सेंटिमीटरभर फरक पडू शकतो. रोज रात्री धापणाऱ्या मुलापुढे मला ते काहीच वाटत नाही.

बंद कधी, तर साधारण तीन महिने दमा पूर्ण आटोक्यात राहिला की डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. त्यांनीच उतरवायचा, घरच्यांनी नाही. काही मुलांचा वयात येताना सुटतोही. माझी आता पंधराची आहे, कमी डोसवर आहे आणि शाळेच्या संघातून कबड्डी खेळते.

सालब्युटामॉल आणि स्पेसर दप्तरात ठेवा, वर्गशिक्षकांना एकदा वापरून दाखवा. आणि जो कुणी पंप बंद करा म्हणेल त्याला विचारा, रात्री गाडी कोण काढणार? आमच्याकडे त्या दिवशी जीप भाऊजींनीच चालवली होती. तेव्हापासून माशाचं नाव त्यांनी काढलेलं नाही. पंप मात्र अजून हातात घेत नाहीत, "ते तुझं औषध तिला दे" म्हणतात.