‘विल’ आणि मुमूर्षू

‘उद्या मी पुण्याला जाणार आहे’ हे इंग्रजीत सांगताना ‘आय विल गो’ म्हणावे, ‘आय ॲम गोइंग टू गो’ म्हणावे की नुसते ‘आय ॲम गोइंग’, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. तिकीट काढून झाले असेल तर तिसरे रूप घ्यावे. बेत ठरला आहे पण तजवीज व्हायची आहे, अशा वेळी दुसरे घ्यावे. ‘विल’ येथे नको, आणि तरीही ‘उद्या सुट्टी टाकली आहे, आय विल गो टू पुणे’ अशी वाक्ये मला रोज ऐकावी लागतात. दारावरची घंटा वाजताच ‘थांबा, मी बघतो’ म्हणून आपण उठतो. असा त्या क्षणी झालेला निश्चय ‘आय विल गेट इट’ने सांगावा.

‘विल’ म्हणजे आपला ‘-ईल’ हे समीकरण ज्यांनी पाठ करून घेतले, त्यांनी मोठे नुकसान केले, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘विल’ हे मुळात इच्छेचे क्रियापद आहे. जुन्या इंग्रजीत ‘विल्लन’ म्हणजे इच्छिणे. जर्मन माणूस ‘इश विल’ म्हणतो तेव्हा त्याला आजही काही हवे असते. मृत्युपत्राला ‘विल’ म्हणतात तेही त्यात माणसाची इच्छा नोंदलेली असते म्हणून. त्याचा धातू संस्कृतातल्या ‘वृणीते’शी, म्हणजे निवडण्याशी जुळतो, त्यामुळे स्वयंवरातला ‘वर’ आणि इंग्रजांचा ‘विल’ एकाच कुळातले ठरतात.

मला खरा आनंद होतो तो पुढच्या गोष्टीचा. इच्छेतून भविष्य निघण्याची ही वाट संस्कृतालाही ठाऊक होती. ‘कूलं पिपतिषति’ या व्याकरणातल्या प्रसिद्ध उदाहरणाचा शब्दशः अर्थ ‘नदीचा काठ पडू इच्छितो’ असा होतो, पण काठाला कसली इच्छा असणार? तो आता पडेल, अशी पाहणाऱ्याला शंका येते, एवढेच तिथे सांगायचे असते. आपण मरणासन्न माणसाला ‘मुमूर्षू’, म्हणजे शब्दशः ‘मरू इच्छिणारा’, म्हणतो, तेव्हा त्याला मरण हवे आहे असे कोणी समजत नाही, आणि ‘विझू पाहणारा दिवा’ हे तर निखळ मराठी आहे.

‘शॅल’ची गोष्ट वेगळी. त्याचा मूळ अर्थ ‘देणे लागणे’ असा आहे. त्याच धातूतून आलेल्या जर्मन ‘शुल्ड’चे कर्ज आणि अपराध असे दोन्ही अर्थ होतात. ‘आय’ आणि ‘वी’ यांच्यापुढे साध्या भविष्यासाठी ‘शॅल’ आणि इतरत्र ‘विल’, हा नियम जॉन वॉलिस यांनी 1653 मध्ये लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. वॉलिस थोर गणिती होते, अनंताचे चिन्ह त्यांनीच रूढ केले. पण इच्छा आणि ऋण यांची अशी पुरुषवार वाटणी बोलणाऱ्यांनी सर्वत्र कधीच पाळली नाही, आणि आपल्याकडे ती अजून पाठ करून घेतली जाते याचा मला मनापासून राग येतो. कायद्याच्या कलमांत बंधन सांगणारे ‘शॅल’ आणि ‘शॅल आय ओपन द विंडो?’ या विचारणेतले ‘शॅल’ मात्र आजही मूळ अर्थाला धरून आहे.