शंका तुमच्या: चंद्र पेन्सिलीने उतरवताना

(उत्तरं: एक निवृत्त चित्रकला शिक्षक, अंबाजोगाई)

प्रश्न: सर, मी नववीत आहे. मामांनी १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री दिली. कोजागरीला माळवदावर बसून चंद्र काढला, पण वहीत नुसता पांढरा गोल आणि चार काळपट डाग उतरले. खड्डे दिसलेच नाहीत. द्विनेत्री कमी पडते का?
– एक विद्यार्थिनी, सेलू

उत्तर: द्विनेत्री चांगली आहे गं, तिथी चुकली. पौर्णिमेला चंद्रावर ऊन आपल्या पाठीमागून पडतं. सावल्याच नाहीत, मग खोली कशी कळणार? एलिमेंटरीच्या वस्तुचित्राला आम्ही माठ खिडकीच्या बाजूला ठेवतो तो काही उगीच नाही. कोजागरीला दूध आटव, आणि फार तर दक्षिणेकडच्या टायको विवरातून फुटलेले पांढरे पट्टे काढ. ते त्याच सुमारास खुलतात.

खड्ड्यांसाठी शुद्ध पंचमी ते दशमी. उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या सीमेलगतच बघायचं, बाकी चंद्र सोडून द्यायचा. पंचमी-षष्ठीला तिथे थिऑफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही तीन विवरं एकाखाली एक सापडतील. प्रत्येक सुमारे १०० किलोमीटर रुंद, म्हणजे तुझ्या द्विनेत्रीच्या आवाक्यातली. मात्र द्विनेत्री कशावर तरी टेकव, हातात धरून रेघ ओढता येत नाही. थिऑफिलसची कड धारदार, आणि ती सिरिलसच्या कडेवर चढलेली. कॅथरिना पार झिजलेली. कोण आधी, कोण नंतर, हे चढलेली कड आणि झीज पाहूनच ओळखायचं. थिऑफिलसवर सूर्य उगवत असताना तळ मिट्ट काळा असतो आणि मधल्या शिखरांवर तेवढा उजेडाचा ठिपका. तो दुर्बिणीतून बघायला मिळाला तर सोडू नकोस.

कागद चित्रकलेच्या वहीचाच, जाड. पेन्सिली एचबी आणि ६बी, घासायला वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी. महागडं काही आणू नकोस. आकृती तळहाताएवढी, आणि तिच्यात एकच विवर. आधी सावलीच्या कडा आख. चंद्राच्या विषुववृत्तापाशी उजेडाची सीमा ताशी सुमारे १५ किलोमीटर सरकते, त्यामुळे तू खोडरबर शोधेपर्यंत सावली आखडलेली असते. अर्ध्या तासात बाह्यरेषा आणि सावल्या पुऱ्या कर, वेळ लिही, आणि पुढे सावली हलली तरी आखलेली बदलू नकोस. एकाच चित्रात रात्री आठच्या आणि नऊच्या सावल्या आल्या की ते चित्र कुठल्याच वेळेचं राहत नाही.

छटा तिथे बसून घोटायच्या नाहीत. जागच्या जागी आकडे टाक: काळ्याकुट्ट सावलीला ०, सगळ्यात लखलखीत जागेला १०. चंद्र काढणारे जुने लोक हीच पट्टी वापरत आले. ॲरिस्टार्कस विवराचं मधलं शिखर म्हणजे १०. आकडे पाहून घरात छटा भर, पण तेव्हा फोनमधला फोटो उघडायचा नाही. फोटोवरून दुरुस्त केलेलं चित्र मी तर तपासायलाच घेत नाही.

माघ ते चैत्र ही आपल्याकडची खरी वेळ. तेव्हा सूर्य मावळताना सप्तमीचा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. बाज टाकून आडवं व्हावं, नाहीतर मान अवघडते. चैत्रात तापलेल्या स्लॅबवर मात्र बसू नये. रात्री दहापर्यंत त्यातून वाफा निघतात आणि चंद्राची कड थरथरते. अंगणातली माती बरी.

प्रश्न: चार इंची परावर्ती (आरशाच्या) दुर्बिणीतून अष्टमीच्या संध्याकाळी चंद्रावर ठळक फुली दिसली. मी ती काढूनही ठेवली. दुसऱ्या दिवशी गायब! मुलगा भास म्हणतो.
– एक शेतकरी, उदगीर

उत्तर: मुलाला सांगा, फुली खरी आहे. ब्लँकिनस, ला काय आणि पुरबाख या विवरांच्या उंच कडांवर कोवळं ऊन पडतं आणि तळ अंधारात असतात, तेव्हा फुली उमटते. सारा खेळ चारेक तासांचा. दर महिन्याला होतो, पण पुष्कळदा त्या वेळी आपल्याकडे दिवस असतो नाहीतर चंद्र मावळलेला. तुम्हाला ऐन वेळी सापडली. तुमच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, ते तसंच ठेवा आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढा.

प्रश्न: मोबाईल लावून फोटो निघत असताना चित्राचा अट्टहास कशाला?
– एक वाचक, लातूर

उत्तर: फोटो काढाच, माझी ना नाही. पण इंग्लंडच्या थॉमस हॅरियटने जुलै १६०९ मध्ये, गॅलिलिओच्याही आधी, दुर्बिणीतून चंद्र काढला. सहापट मोठं दाखवणारी दुर्बीण. कागदावर वेडीवाकडी सीमारेषा आली, विवर एकही नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओने डोंगर आणि खड्डे सावल्यांसकट रंगवले. त्याची दुर्बीण वरचढ होती हे कबूल, पण छायाप्रकाश काढायला तो शिकलेला होता. पुढे १६१० मध्ये त्याची चित्रं छापून आली आणि मग हॅरियटच्याही कागदावर विवरं दिसू लागली! डोळा असा शिकवावा लागतो.

प्रश्न: लोणारएवढं विवर चंद्रावर दिसेल का?
– एक शिक्षिका, मंठा

उत्तर: लोणार बुलढाण्यात, पण मंठ्याच्या लोकांना ते आपलंच वाटणार. दगडही दोन्हीकडे बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड; चंद्रावरचे काळे डाग त्याचेच. पण लोणारची रुंदी जेमतेम १.८ किलोमीटर, आणि चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर. चार इंची दुर्बिणीला हे जड जातं. हवा फार स्थिर असली तर एखादा ठिपका, काढण्याजोगं काही नाही. त्यापेक्षा षष्ठी-सप्तमीला सेरेनिटाटिस सागरात (नावाला सागर, त्या काळ्या डागांपैकीच एक मैदान) बेसेल विवर गाठा आणि तिथून ईशान्येला सरका. सुमारे ८ किलोमीटरचं छोटं विवर लागेल, त्याचं नाव साराभाई. विक्रम साराभाईंचंच. मुलांना आधी ते दाखवा.