युद्धपटातील प्रसंग पाहताना कॅमेरा आपल्या भावना कशा घडवतो?

आपण विचारले आहे की एका युद्धप्रसंगात छाती धडधडू लागते आणि तितक्याच रक्तरंजित दुसऱ्या प्रसंगात मन कोरडे राहते, यात कॅमेऱ्याचा वाटा किती असतो. मी इंदूरमध्ये १७ वर्षे कॅमेरा चालवतो. पोटापाण्याचे काम लग्नांचे आणि माहितीपटांचे असले, तरी युद्धपट मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहत आलो आहे. असा प्रसंग पाहताना मी आधी एकच गोष्ट तपासतो: या क्षणी कॅमेऱ्याला सैनिकापेक्षा जास्त दिसते आहे की त्याच्याइतकेच? भीती, करुणा, संताप यांपैकी काय वाटणार, हे बरेचसे तिथेच ठरते.

आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार काका राहतात. नोकरीची शेवटची वर्षे महूच्या छावणीत काढून ते इथेच स्थायिक झाले. १९९८ सालचा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ आम्ही एकत्र पाहिला. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ रोजी फ्रान्समधील ओमाहा किनाऱ्यावर अमेरिकी सैनिक उतरतात तो प्रसंग संपल्यावर काका बराच वेळ गप्प होते आणि मग एवढेच म्हणाले, “पुढच्याची पाठ दिसते, बाकी काही दिसत नाही. हे बरोबर दाखवलंय.” त्या प्रसंगात कॅमेरा सैनिकांच्या उंचीवरून, त्यांच्याबरोबर वाकत, पाण्यात बुडत पुढे सरकतो. मशीनगनच्या मागून घेतलेले शॉट मोजके आहेत आणि त्यांतही शत्रूच्या काळ्या आकृतीच दिसतात. गोळी कुठून येईल हे सैनिकाला कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही, आणि आपली भीती त्या न कळण्यातून येते.

तिथे शटरचेही मोठे काम आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे टिपतो आणि शटर (प्रकाश आत सोडणारी फिरती झडप; तिची फट अंशांत मोजतात) नेहमीप्रमाणे १८० अंशांवर असेल, तर प्रत्येक चित्रावर १/४८ सेकंद प्रकाश पडतो. तेवढ्या वेळात हलणारी वस्तू किंचित पुसट होते आणि त्या पुसटपणामुळेच हालचाल आपल्याला सलग वाटते. छायाचित्रणकार यानुझ कामिन्स्की यांनी ९० आणि ४५ अंशांचे शटर वापरले. ४५ अंशांवर हाच वेळ १/१९२ सेकंदावर येतो आणि पुसटपणा जवळजवळ नाहीसा होतो. याचा परिणाम मला पुस्तकात वाचून कळला नव्हता. महूच्या वाटेवरील एका नांगरलेल्या शेतात आम्ही एका मुलाला पळवले आणि काळ्या मातीची ढेकळे उडवली; एकदा १/५० वर, एकदा १/२०० वर. पहिल्या चित्रणात मातीचा फवारा दिसला. दुसऱ्यात प्रत्येक ढेकूळ वेगळे, कडा धारदार, आणि मुलाचे पाय जणू झटके देत पडत होते. एवढ्या सगळ्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसल्या की नजर कुठे ठेवावी हे कळेनासे होते. जिवाच्या आकांताने पळणाऱ्याचीही हीच अवस्था होत असणार, असे मला वाटते.

पुढे अनेक चित्रपटकारांनी यातले फक्त कॅमेऱ्याचे हादरे उचलले. प्रेक्षक कुणाबरोबर पळतो आहे हेच ठरलेले नसेल, तर कॅमेरा कितीही हलवला तरी डोके दुखण्यापलीकडे काही होत नाही.

याउलट स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९५७ सालच्या ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ या पहिल्या महायुद्धातील फ्रेंच सैन्यावरच्या चित्रपटात कॅमेरा अगदी संथपणे सरकतो. सुरुवातीला जनरल खंदकातून पाहणी करत चालतो आणि कॅमेरा त्याच्यासमोरून मागे मागे सरकत राहतो. हल्ल्यापूर्वी कर्नल डॅक्स त्याच प्रकारच्या खंदकातून चालतो, तेव्हाही कॅमेरा तसाच मागे हटतो. मात्र आता मधूनमधून तो डॅक्सच्या नजरेने पुढेही जातो आणि दोन्ही भिंतींना टेकून उभे असलेले, गोळ्यांच्या आवाजाने अंग चोरणारे सैनिक आपल्या अगदी जवळून सरकतात. यांतले बरेचसे परत येणार नाहीत हे आपल्याला ठाऊक असते आणि त्यांचे चेहरे पाहायला पुरेसा वेळही आपल्याला दिलेला असतो. इथे छाती धडधडत नाही. घशात काहीतरी अडकते आणि पाठोपाठ हा हल्ला लादणाऱ्या वरच्या अधिकाऱ्यांचा राग येतो.

त्याच वर्षीच्या ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ या रशियन चित्रपटात बोरिस या तरुण सैनिकाला गोळी लागते, तेव्हा सर्गेई उरुसेव्स्की यांचा कॅमेरा वर वळतो आणि बर्च झाडांचे शेंडे गरगर फिरू लागतात; त्यांवर बोरिसला कधीच न लाभणारे लग्न उमटते. रणांगण चित्रातून जवळजवळ निघूनच जाते. इतकी वर्षे लग्नांचे चित्रण करत असल्यामुळे असेल, पण हा प्रसंग मला आजही शांतपणे पाहता येत नाही.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर चेतन आनंद यांचा १९६२च्या भारत-चीन युद्धावरचा, १९६४ सालचा ‘हकीकत’ पाहावा. लडाखमध्ये जाऊन घेतलेल्या दृश्यांत डोंगर इतके विराट आणि माणसे इतकी चिमुकली दिसतात की शत्रू येण्याआधीच त्यांची काळजी वाटू लागते.

शक्य झाल्यास डॅक्सचे ते चालणे आवाज पूर्ण बंद करून पाहा. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलांना मी तेच करायला लावतो. तोफा आणि शिट्टी गेली, की मुले हळूहळू भिंतीजवळच्या माणसांकडे पाहू लागतात.