हवेचं प्रदूषण आणि पिकं या विषयात करिअर होतं का?

तुम्ही विचारलंय की एमएस्सी बॉटनीनंतर हवा प्रदूषण आणि पिकं यात पुढे काही स्कोप आहे का. मी गहू आणि ओझोन यावरच काम करते म्हणून लिहिते.

काम भरपूर आहे, माणसं कमी. ओझोन म्हटलं की सगळ्यांना आकाशातला थर आठवतो, पण गाड्या-कारखान्यांच्या धुरावर ऊन पडून जमिनीलगत जो ओझोन तयार होतो तो पानाच्या रंध्रातून, म्हणजे बारीक छिद्रांतून, आत शिरतो आणि मग झाडाची ताकद दाणा भरण्याऐवजी स्वतःला सावरण्यात जाते. कधी पानावर ठिपके येतात, बऱ्याचदा डोळ्यांना काहीच दिसत नाही, फक्त उतारा कमी पडतो, आणि शेतकरी बियाण्याला दोष देतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हिशोब मांडला होता, २००५ साली देशात ओझोनपायी साधारण ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ गेला. इतकं धान्य जातंय आणि ज्याचं जातंय त्याला पत्ताच नाही, हे मला अजूनही सहन होत नाही.

काम म्हणजे मुख्यतः ओपन टॉप चेंबर. पिकाभोवती उभे केलेले, वरून उघडे प्लास्टिकचे गोल कक्ष, एकात ओझोन गाळून काढलेली हवा, दुसऱ्यात बाहेरची जशीच्या तशी, म्हणजे दोन्हींतल्या पिकाची तुलना करता येते, आणि पंखे दिवसभर चालू पाहिजेत. जिथे विजेचा भरवसा नाही तिथे ईडीयू नावाचं केमिकल देतात, ते झाडाला ओझोनपासून वाचवतं, मग दिलेल्या आणि न दिलेल्या झाडांतला फरक मोजायचा. गहू वर्षातून एकदाच येतो, ऐन दाणे भरताना मशीन बंद पडलं की थेट पुढचा रब्बी, त्यामुळे पीएचडी लांबते. विषयात शिरण्याआधी खरा विचार याचा करा.

पैशाचं म्हणाल तर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली की महिना ३७ हजार अधिक एचआरए, नंतर पर्मनंट जागा थोड्या, बरेच जण प्रोजेक्टवर किंवा पर्यावरण कन्सल्टन्सीत जातात. बनारसच्या बीएचयूमध्ये या विषयाची जुनी लॅब आहे, दिल्लीच्या आयएआरआय या कृषी संशोधन संस्थेतही काम झालंय.

आत्तापासून आर (R, आकडेमोडीची कॉम्प्युटर भाषा) आणि स्टॅटिस्टिक्स शिका, वातावरणाची केमिस्ट्री वाचा, नुसत्या बॉटनीवर भागत नाही. आणि गाईड ठरवण्याआधी जानेवारी-फेब्रुवारीत लॅबच्या शेतावर जाऊन या, तिथल्या पीएचडीच्या मुलांना विचारा की ओझोन अ‍ॅनालायझर, म्हणजे हवेतला ओझोन मोजणारं मशीन, चालू आहे का आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करतं.