फोम आमच्या स्लॅबवर, ठिपके शेजाऱ्याच्या गाडीवर

प्रश्न: आम्ही वरुड तालुक्यातले. उन्हाळ्यात घराचा स्लॅब भट्टीसारखा तापतो, म्हणून एप्रिलमध्ये नागपूरच्या एका ठेकेदाराकडून वरून पफ फोम (फवारून बसवायचा, उष्णता अडवणारा फोम) मारून घेतला. ठरले 1,10,000 रुपये, त्यातले 70,000 यूपीआयनं दिले. दुपारी वारा सुटला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, उरलेलं उद्या सकाळी करू. पण दुसऱ्या दिवशी आम्हाला परतवाड्याला लग्नाला जायचं होतं, म्हणून आम्हीच म्हटलं आजच आटपा. आमची पाण्याची टाकी आणि जिन्याचं दार त्यांनी प्लॅस्टिकनं झाकलं होतं. संध्याकाळी शेजारचे काकाजी आले. त्यांची पांढरी कार, भिंतीचा नवा रंग, खिडक्यांच्या काचा आणि छतावरचे सोलर पॅनेल, सगळ्यावर पिवळसर बारीक ठिपके. पुसून निघत नाहीत. काकाजी म्हणतात दोन लाख द्या, नाहीतर ठाण्यात जातो. ठेकेदार म्हणतो झाकाझाकी कोटेशनमध्ये नव्हती, आधी बाकीचे 40,000 टाका, मग फोमवरच्या संरक्षक कोटिंगला येतो. पैसे अडवता येतील का? आणि काकाजींचं कोणी भरायचं?

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य तुम्ही घाईत लिहून गेलात: "आम्हीच म्हटलं आजच आटपा." तिथूनच सुरुवात करतो.

नियम एरवी तुमच्या बाजूनं आहे. स्वतःची माणसं, स्वतःचं मशीन आणून आपल्या पद्धतीनं काम करणारा ठेकेदार चुकला, तर त्याचं खापर काम देणाऱ्यावर सहसा फुटत नाही. पण काम केव्हा आणि कसं करायचं यात मालकानं हात घातला, किंवा कामच असं असलं की काळजी घेतली नाही तर शेजाऱ्याला झळ पोहोचणारच, तर मालकही अडकतो. तुमच्याकडे दोन्ही गोष्टी घडल्या. आणि "आम्हाला काय माहीत एवढं उडतं ते" असं म्हणालात, तर आपल्या भागातल्या न्यायाधीशाला ते पटणं कठीण. धुऱ्यापलीकडून टू-फोर-डी तणनाशक उडून कपाशीची पानं आखडली म्हणून भांडणारी माणसं आपण. वारा पाहून फवारावं हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तरी मोठा वाटा ठेकेदाराचाच, असं माझं मत. फोमचं काम असं चालतं की दोन रसायनं बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. बाहेर पडणाऱ्या तुषारांतले बारीक थेंब वाऱ्यावर जातात आणि जिथे टेकतील तिथे चिकटून वाळतात. पन्नास-शंभर फूट जाणं काही विशेष नाही. हे तुम्हाला माहीत नसेल, त्याला माहीत असायलाच हवं. पैसे त्याच माहितीचे घेतो तो. "उद्या करू" एवढं म्हणणं पुरेसं नव्हतं, बंदूक खाली ठेवायला हवी होती. आणि झाकाझाकी कोटेशनमध्ये नव्हती म्हणतो, तर तुमची टाकी आणि दार कशासाठी झाकलं? म्हणजे थेंब उडतात हे माहीत होतं. फक्त तुमच्या हद्दीपुरतं. त्या दिवशीचे फोटो कोणाच्या मोबाईलमध्ये असतील, तर त्यातलं ते टाकीवरचं प्लॅस्टिक तुमचा सर्वात चांगला साक्षीदार आहे.

मात्र हा वाटा तुमच्यात आणि ठेकेदारात. काकाजींना त्याच्याशी देणंघेणं नाही. दोघांच्या चुकीनं नुकसान झालं असेल तर ते पूर्ण भरपाई तुमच्या एकट्याकडूनही मागू शकतात, मग तुम्ही ठेकेदाराच्या मागे लागा. दावा फक्त तुमच्यावर आला, तर पहिल्याच तारखेला त्यालाही पक्षकार करण्याचा अर्ज द्या.

ठाण्याचं फार मनावर घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मधल्या आगळिकीसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नासधुशीच्या गुन्ह्यासाठी, नुकसान करण्याचा हेतू किंवा ते होणार याची जाणीव लागते, नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. बहुधा दिवाणी न्यायालयाची वाट दाखवतील. तरीही "वाऱ्याचं सांगितलं होतं, तरी यांनी करायला लावलं" हे वाक्य तिथे तुमच्या तोंडून नको. जाणीव सिद्ध करायला एखादा हुशार वकील तेच उचलेल. खोटं बोला असं मी सांगत नाही. जबाब द्यायची वेळ आली तर आधी वकिलाला भेटा, एवढंच.

आता ठिपके. इथे कायदा आणि साफसफाई एकमेकांच्या आड येतात. पुसलं तर पुरावा जातो, नाही पुसलं तर नुकसान वाढतं. म्हणून आधी कागद, मग फडकं. गावातले दोन प्रतिष्ठित, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष आणि जमलं तर पोलीस पाटील यांना बोलावून लेखी पाहणी करा. कोणत्या वस्तूवर, किती भागात, कसे ठिपके हे लिहा, शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून फोटो काढा. ठेकेदाराला दिवस-वेळ आधी व्हॉट्सअॅपवर कळवा; येवो न येवो. फोटो ज्या मोबाईलमध्ये आहेत तो विकू नका, बदलू नका. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा लागेल.

मग साफसफाई. थेंब ओले असताना ॲसिटोननं निघतात. एकदा कडक झाले की कोणत्याही थिनरनं विरघळत नाहीत, खरवडूनच काढावे लागतात. ठेकेदार थिनरचा डबा घेऊन आला तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. फोम राहील, रंग जाईल. डिटेलिंगवाले, म्हणजे गाडीची बारकाईनं साफसफाई करणारे, क्लेनं (मातीसारख्या मऊ गोळ्यानं घासून) काढून पॉलिश करतात. त्यांच्याकडून लेखी दर घ्या, शक्यतो दोघांकडून. काचा साबणाच्या पाण्यानं ओल्या ठेवून पातं आडवं धरलं तर साफ होतात. सोलर पॅनेलला मात्र पातं अजिबात नको. वरचा थर ओरखडला की वीज कमी आणि हमीही गेली. ज्यानं बसवले त्याच्याकडूनच लेखी सल्ला घ्या. आणि काकाजींच्या इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये रोजची वीजनिर्मिती दिसत असेल तर त्या दिवसाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे काढून ठेवायला त्यांना सांगा. तुमच्या विरुद्धचा पुरावा मी गोळा करायला लावतो असं वाटेल. पण काकाजींचा दोन लाखांचा आकडा हवेतला आहे. डिटेलिंगचं बिल, पॅनेल साफ करण्याचं बिल, रंगाचा खर्च आणि कमी झालेल्या युनिटांचा हिशेब एका कागदावर आला की तो बराच खाली येईल, असा माझा अंदाज.

चाळीस हजार अडवता येतील, पण शब्द जपून वापरा. "देणार नाही" लिहू नका. लिहा की त्याच कामातून झालेल्या नुकसानीचा हिशेब होईपर्यंत रक्कम राखून ठेवली आहे. हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवा, पोच जपा.

त्याच पत्रात कोटिंगचं लिहा, आणि इथे उशीर करू नका. उघडा फोम उन्हानं पिवळा पडून वरून भुसभुशीत होतो, आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. करार कायद्याचं कलम 73 भरपाई देतं, पण नुकसान कमी करायचे जे उपाय तुमच्या हातात होते तेही पाहतं. ठेकेदाराला सात दिवसांची मुदत द्या. नाही आला तर दुसऱ्याकडून करून घ्या, पक्कं बिल घ्या आणि खर्च त्याच्या नावे लावा. भांडण मिटेपर्यंत स्लॅब उघडा ठेवलात तर तेवढं नुकसान तुमचंच.

एवढं करून ठेकेदार ऐकलाच नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. काम राहत्या घराचं आहे, म्हणून तुम्ही ग्राहक ठरता. 2019 च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे नागपूरला खेपा नाहीत, अमरावतीला जा किंवा ऑनलाइन करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. पक्कं बिल दिलं नसेल तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं कोटेशन चालतं. काकाजींना मात्र ठेकेदाराविरुद्ध हा रस्ता नाही, त्यांनी त्याला कामाला लावलं नव्हतं. त्यांना दिवाणी दावाच, तीन वर्षांच्या आत.

पण मला विचाराल तर हे प्रकरण दाव्यापर्यंत जाऊ देऊ नका. काकाजींशी उद्याही एकाच गल्लीत राहायचं आहे, आणि दाव्याच्या तारखा कारच्या पॉलिशपेक्षा महाग पडतात. तंटामुक्ती समितीपुढे बसा, जरूर बसा, मात्र तिथे सह्या झालेला कागद म्हणजे नुसता करार. उद्या ठेकेदारानं पाळला नाही तर परत पहिल्यापासून. म्हणून तडजोड ठरली की तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून दावा न लावताच लोकअदालतीत ठेवा. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकुमासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. समितीला फी नाही.

तडजोडीत आकडे असे पाहा: साफसफाईचा प्रत्यक्ष खर्च बिलाप्रमाणे, त्यातला मोठा भाग तुमच्याकडे अडकलेल्या 40,000 मधून सरळ काकाजींना, कमी पडेल ते ठेकेदार आणि तुम्ही मिळून. तुमचा वाटा शून्य व्हावा असा हट्ट धरू नका, त्या एका वाक्यामुळे तो शून्य होणं अवघड आहे. कोटिंग ठेकेदारच करणार असेल तर कागदात हेही घाला की ते सकाळी, वारा नसताना, ब्रश-रोलरनंच करायचं; स्प्रे चालणार नाही. आणि काकाजींच्या बाजूला पडदा लावण्याचं काम त्याचं, पडद्याच्या खर्चासकट.