'साहाय्यक' भाषा म्हणजे कुणाला साहाय्य करणारी?

प्रश्न असा आहे: एस्परांतो या मुद्दाम रचलेल्या भाषेला मराठीत 'आंतरराष्ट्रीय साहाय्यक भाषा' म्हणतात, ते का? सरळ 'जागतिक भाषा' म्हटलं तर काय बिघडलं? आणि ती सोपी आहे असं जे सांगतात, ते कितपत खरं?

आधी शुद्धलेखन उरकून घेऊ. 'सहायक' बरोबर, 'साहाय्यक'ही बरोबर. 'सहाय्यक' ही दोन्हींची खिचडी, पण पाट्यांवर बहुतेक तीच दिसते.

आता अर्थ. शाळेतलं 'बाळ, एवढा लाडू खाऊन टाक' हे वाक्य आठवा. लाडू खायचं काम 'खाऊन'चं. 'टाक' हे सहायक क्रियापद नुसतं मदतीला आलेलं. एस्परांतोचा दावाही एवढाच आहे. घरात, शाळेत, कवितेत ज्याची त्याची भाषा. परस्परांची भाषा न येणारे दोघे समोरासमोर आले की तेवढ्यापुरती ही. १९०५ साली फ्रान्समधल्या बुलोन्य-सुर-मेर गावी पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा जाहीरनाम्यातच म्हटलं होतं की कुठल्याही राष्ट्रभाषेची जागा घ्यायचा हिचा हेतू नाही. 'जागतिक भाषा' या शब्दात ही कबुली कुठेच येत नाही, म्हणून मला तो नको वाटतो.

मग असलेलीच एखादी संपर्कभाषा का नको? एस्परांतोचा कर्ता लुडविक झामेनहोफ १८५९ साली ब्यावीस्टॉकला जन्मला. गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. पोलिश, रशियन, जर्मन आणि यिडिश (तिथल्या ज्यूंची भाषा) बोलणारे एकाच बाजारात, पण एकमेकांवर डोळे वटारून. यांतली कुठलीही भाषा निवडली की तिचे लोक यजमान ठरणार आणि बाकीचे कायमचे पाहुणे. म्हणून कुणाच्याच घरची नसलेली भाषा. पुढे डोळ्यांचा डॉक्टर झालेल्या या माणसाने १८८७ साली वॉर्सात पुस्तिका काढली ती 'डॉक्टर एस्परांतो', म्हणजे 'आशा बाळगणारा', या टोपणनावाने. तेच नाव भाषेला चिकटलं.

सोपेपणा बघायचा तर एकच शब्द फोडू. 'साना' म्हणजे निरोगी. आधी 'माल' लावलं की उलट अर्थ: 'मालसाना', आजारी. 'उल' म्हणजे तसा माणूस, 'एय' म्हणजे जागा, शेवटचा 'ओ' म्हणजे नाम. झालं 'मालसानुलेयो', रुग्णालय. आपल्या 'आलय'सारखंच, फक्त इथे अपवाद नाही आणि मूळ धातू कुठेही बदलत नाही. घोड्याचं सामान्यरूप, लिंगाप्रमाणे बदलणारं विशेषण, 'पेन तो की ते' हे वाद, सगळ्याला सुट्टी.

सोळा नियमांत व्याकरण संपतं असं सांगतात, ही मात्र थोडी जाहिरात आहे. ते सोळा नियम युरोपीय व्याकरण आधीच ठाऊक असलेल्याला पुरतात. शब्दही बहुतेक युरोपातले; 'लिब्रो' म्हणजे पुस्तक हे इटालियन माणसाला आपोआप कळतं, आपल्याला पाठ करावं लागतं. तेवढ्यापुरते आपण पाहुणेच.

गंमत म्हणजे कर्माला लागणारा 'न', ज्याने इंग्रजीभाषक घायकुतीला येतात, तो आपल्याला ओळखीचा वाटतो. 'कुत्रा मांजराला बघतो' आणि 'मांजराला कुत्रा बघतो' दोन्ही आपल्याला चालतात, तिथेही चालतात. बघणारा कोण ते प्रत्यय सांगतो. पण फसतो तिथेच. आपण मांजराला 'ला' लावतो, पुस्तकाला लावत नाही: 'मी पुस्तक वाचतो'. एस्परांतो सजीव-निर्जीव बघत नाही, पुस्तकालाही 'न' हवाच: 'मी लेगास लिब्रोन'. शिकायला लागलो तेव्हा पहिले दोन महिने माझी मांजरं बिनचूक होती आणि पुस्तकांचा 'न' हमखास गळायचा.