सही करण्याआधीची ओळ

इंदूरच्या सुदामानगरातून एका लेखापालांनी विचारलं आहे. ज्या फर्मचे हिशेब ते लिहितात, तिथल्या भागीदारांचं भांडण फसवणुकीच्या कायमीपर्यंत, म्हणजे पोलिसांत गुन्हा नोंदवण्यापर्यंत गेलं आणि आरोपींत यांचंही नाव आलं. ठाण्यात बोलावलं, मोबाइल जप्त केला, पिन मागितला. यांनी सांगून टाकला. त्याला तीन आठवडे झाले. आता लॅपटॉपचा आणि ईमेलचा पासवर्ड मागताहेत. त्यात दुसऱ्या पक्षकारांची खाती आहेत, घरचे फोटो आहेत. नकार देता येतो का?

घटनेचा अनुच्छेद २०(३) तुम्ही पत्रात स्वतःच लिहिला आहे, तो पुन्हा सांगत नाही. अशी पत्रं खूप येतात आणि अनुच्छेद सगळ्यांना पाठ असतो. अडतं ते दुसरीकडेच. तो अनुच्छेद आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून वाचवतो. आपणहून दिलेल्या माहितीला त्याचं कवच नाही.

तुम्ही पाठवलेलं जब्ती पत्रक पाहा. मोबाइलच्या आयएमईआय (ओळख) क्रमांकाखाली, तुमच्या सहीच्या बरोबर वर लिहिलंय: 'आरोपी ने स्वेच्छा से पिन बताकर मोबाइल खोलकर दिया।' तुमचं सगळं प्रकरण या ओळीवर उभं आहे. 'टीआय साहेब घाई करत होते,' असं तुम्ही ठाण्याच्या प्रमुखांबद्दल लिहिता. दुसऱ्यांचं एकेक व्हाउचर तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या अटकेचा प्रश्न असताना कागद न वाचता सही करावी, याचा मला खरोखर राग येतो. त्यावर तीन आठवडे गप्प बसलात. दबाव होता असं आज म्हणाल, तर सरकारी वकील त्याला पश्चातबुद्धी म्हणतील, आणि दर दिवसागणिक ते म्हणणं अधिक पटणारं होईल.

म्हणून याच आठवड्यात मॅजिस्ट्रेटपुढे शपथपत्रासह अर्ज द्या. किती वेळ बसवून ठेवलं, कोण हजर होतं, पिन कोणत्या शब्दांत मागितला, एवढंच लिहा. पदरचं काही घालू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण करून ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवावं लागतं. त्याची प्रत मागा. चित्रीकरणच नसेल, तर तेही अर्जात मांडा. तारखा पडतील, महिने जातील. पण आक्षेप कागदावर आलेला असेल.

मोबाइलमधून जे निघालं ते पुराव्यातून बाद होईल, असा भरवसा देत नाही. पुरावा मिळवण्यात बेकायदेशीरपणा झाला, तरी तो प्रकरणाशी संबंधित असेल तर आपली न्यायालयं सहसा पाहतात.

लॅपटॉपचं वेगळं आहे. पोलीस तो झडतीत जप्त करू शकतील, पण यंत्र देणं आणि ते उघडून देणं या दोन गोष्टी आहेत. पासवर्डची मागणी लेखी घ्या आणि नकारही लेखीच द्या. तो टिकेल का? कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे असं म्हटलं; दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये नेमकं उलट. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठावर यातलं काहीच बंधनकारक नाही. मला दिल्लीचा तर्क पटतो, कारण पासवर्ड डोक्यातून काढून सांगावा लागतो. बोटाच्या ठशाला मात्र ते संरक्षण मिळणं कठीण: ठसा देणं म्हणजे साक्ष नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी १९६१ मध्येच ठरवलंय, आणि त्या दिल्लीच्या निकालातही ठशाची वाट मोकळीच राहिली. लॅपटॉप बोटाने उघडत असेल, तर ती सोय आजच बंद करा.

एक मात्र करू नका. भीतीपोटी काहीही पुसू नका, ना लॅपटॉपवरून, ना क्लाउडवरून. पुरावा म्हणून लागणारी इलेक्ट्रॉनिक नोंद दडवणं किंवा नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तुम्ही निर्दोष असलात तरी त्यात अडकाल.

इतर पक्षकारांच्या खात्यांसाठी त्याच अर्जात मागा की, तपासणी त्या फर्मच्या फाइलींपुरती व्हावी आणि प्रत काढताना हॅश व्हॅल्यू, म्हणजे मजकुरात नंतर बदल झाला तर दाखवून देणारा आकडा, तुम्हाला लेखी मिळावी. मोबाइल परत ताब्यात मिळण्याचा, म्हणजे सुपुर्दगीचा अर्ज वेगळा द्या, पण नंतर.